वास कसा येतो ते लिहा

४ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवतोय. त्याला म्हटलं, वाजव बाबा, मी लिहिल्याशिवाय पोतं हलायचं नाही. हे पाकीट रव्याच्या पोत्याच्या तोंडाशी खोचलंय. पोतं उसवताना बेतानं, तुमच्या शिवणकामाच्या कात्र्या म्हणजे तलवारी आहेत. फोनवर आपलं काही जमत नाही. तुम्ही हळू बोलता, मी गिरणीच्या घरघरीनं बहिरी झालेली, म्हणून ओरडते, आणि मधल्या मध्ये नातू जागा होतो. पत्रच बरं.

तुमची लेक कशी आहे? जेवते ना नीट? नातू कुणावर गेलाय ते खरं सांगा. आमचे चिरंजीव दर रविवारी तुमच्याकडून येतात आणि म्हणतात, 'बाबांवर गेलाय.' ह्यांच्यावर गेला तर बिचारा जन्मभर गप्पच बसेल. माडीवरची खोली रंगवून घेतली. खिडकीला जाळी बसवली. बाळ जरा बसायला लागलं की मी स्वतः न्यायला येणार आहे, सांगून ठेवते. घरात मूल नाही तर नुसती गिरणीच गिरणी झाली आहे.

आता कामाचं. सोबत रवा आणि पीठ पाठवलंय. आमचा फोरमन आहे ना, ज्याला आम्ही किरकिरे म्हणतो (खरं आडनाव मीसुद्धा विसरले), त्यानं आता नवीन टुमणं लावलंय. म्हणे पिठाला कुबट वास येतो. गोदामाच्या मागच्या भिंतीत पाणी मुरतंय म्हणे. हा माणूस चहा पातळ म्हणतो, पंखा गरम वारा फेकतो म्हणतो, पोत्याच्या सुतळीचा रंग आवडत नाही म्हणतो. ह्याचं किती ऐकायचं? पण आमची नाकं तीस वर्षं पिठानं भरलेली, आम्हाला धड कसलाच वास येत नाही. तुमचं नाक तिखट. तर पीठ उघडलंत की वास कसा येतो ते लिहा. मला माहीतच आहे काही नसणार, पण एकदा त्याचं तोंड बंद करायचंय.

तुमची,
गिरणीवाली

&nbsp;

७ मार्च

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

गाडीवाले चहा घेताहेत तोवर लिहिते. नातू कुणावर गेलाय म्हणता? रडायला लागला की तुमच्यावर, झोपला की त्याच्या आजोबांवर. रागावू नका हं. लेक चांगली आहे. रात्रीची जागरणं आम्ही दोघी वाटून घेतो. माझं शिवणाचं मशीन चाललं की बाळ लगेच झोपतं, त्यामुळे गिऱ्हाइकांची कामं वेळेवर होताहेत आणि मला उगाचच नाव मिळतंय.

खोली रंगवलीत हे वाचून लेकीला बरं वाटलं.

पीठ आणि रवा दोन्ही मिळालं. तुम्ही आवर्जून विचारलंत म्हणून लिहिते. पीठ छान आहे. वासही छान येतो. तुमच्या मालाबद्दल आम्ही काय बोलायचं? एवढं ओझं दर वेळी पाठवू नका मात्र, दोन बायकांना लागतं किती.

जावईबापूंना सांगा, येताना नुसते या, हातात काही नको.

तुमची,
नातवाची दुसरी आजी

&nbsp;

२ एप्रिल

विहीणबाई,

तुमच्या पत्रानं काम फत्ते केलं!

किरकिऱ्यानं परवा कहर केला. सगळ्या कामगारांसमोर मला म्हणाला, 'बाई, हे पीठ मी माझ्या घरी नेत नाही.' तीस माणसं ऐकताहेत! ह्यांनी नेहमीप्रमाणे खाली बघितलं. मी आत गेले, तुमचं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. 'वासही छान येतो.' म्हटलं, ही बाई कोण आहे माहीत आहे? माझी विहीण. हिला खोटं बोलून काय मिळायचंय? मुलीकडची माणसं म्हणजे दोष काढायला टपलेली असतात, आणि तीही चांगलं म्हणतेय. तर तू कोण टिकोजीराव? त्याच दिवशी हिशेब करून त्याला मोकळा केला. जाताना म्हणतो कसा, 'भिंतीमागे हात घालून बघा एकदा.' म्हटलं, तुझ्या डोक्यात हात घालते आधी.

चिरंजीवांचा चेहरा दोन दिवस पडलेला होता. फोरमन जुना होता ना, त्याला लहानपणी वजनकाट्यावर बसवून झोके द्यायचा. पण धंद्यात भावना चालत नाहीत. आता फोरमनचं काम चिरंजीवच बघतात.

एक गुपित. आम्ही लहान मुलांसाठी बाळपीठ काढतोय. भाजलेला गहू, तांदूळ, थोडी डाळ, छान डब्यात. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र. पहिला डबा अर्थात आपल्या बाळाला.

तुमची,
गिरणीवाली

&nbsp;

५ एप्रिल

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझं पत्र असं सगळ्यांत वाचलं जाईल असं मला वाटलं नव्हतं. अहो, मी आपली शिलाई करणारी बाई, मला पिठातलं काय कळतं? फोरमन जुने, अनुभवी. त्यांचं बोलणं टोचरं असेल, पण एखाद्या वेळी भिंतीमागे बघून घेतलंत तर तुमचं काय जाणार आहे? मी आपलं सहज म्हणते. तुम्ही करताय ते विचार करूनच करत असाल.

त्यांच्या घरी कोण कोण असतं? दुसरीकडे काम मिळालं का त्यांना?

बाळाला सर्दी झाली होती, आता बरी आहे. लेक म्हणते सासूबाईंना सांग, बाळानं तुमचा आवाज फोनवर ऐकला की ते हसतं.

तुमची,
नातवाची दुसरी आजी

&nbsp;

१८ मे

विहीणबाई,

भिंतीमागे बघा म्हणालात, म्हणून चिरंजीवांना सांगितलं. ते म्हणाले, बघितलं, ठीक आहे. झालं समाधान? तुम्ही फार हळव्या. किरकिऱ्याची काळजी करू नका, तो कुठेही जाऊन किरकिर करून पोट भरेल.

हे घ्या बाळपीठ! सहा डबे. दुकानदार रांगा लावून मागताहेत. एका दुकानदाराला तर मी 'माझ्या नातवाला हेच देते' एवढंच सांगितलं, त्यानं दुप्पट माल उचलला. आता बाळ सहाव्यात लागलं, तर कोमट पाण्यात दोन चमचे, गुठळी राहू द्यायची नाही. खाताना त्याचं तोंड कसं होतं ते अगदी बारीकसारीक लिहा. मी डोळ्यांसमोर आणते.

जुलैत न्यायला येते. ह्यांनी आत्तापासून नवा सदरा शिवायचा म्हटलंय, आणि तोही तुमच्याकडूनच. बघा, विहिणीकडून फुकट शिलाई काढायचा विचार दिसतोय.

तुमची,
गिरणीवाली

&nbsp;

२१ मे

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

डबे मिळाले. चित्रातलं बाळ फार गोड आहे. आपल्या बाळानं पहिला घास घेतला, आधी जीभ बाहेर काढली, मग भुवया वर केल्या, मग चमचाच धरून ठेवला. सोडेना! लेक हसून हसून दमली.

सदऱ्याचं माप पाठवा. फुकट कसली, विहीणबाई, तुमच्याकडून घेतलं त्याची परतफेड म्हणा.

तुमची,
नातवाची दुसरी आजी

&nbsp;

२९ जून

विहीणबाई,

आधी हे वाचा. बाळपिठाचा एक चमचाही बाळाला देऊ नका. उघडलेला, न उघडलेला, सगळे डबे बाजूला ठेवा. पीठ, रवासुद्धा खाऊ नका. बाळाला डॉक्टरकडे न्या आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की ह्यानं हे हे खाल्लंय. मी फोनवर सुनेशी बोलले, ती म्हणते बाळ ठीक आहे, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. गाडी बंद आहे, म्हणून टपालानं पाठवतेय.

मंगळवारी सकाळी अन्न खात्याची माणसं आली. दोन गाड्या. एक बाई अधिकारी होती, केस टोपीत बांधलेले, हातात मोजे. मी आपली नेहमीसारखी तोंड सोडून उभी. म्हटलं, कुणी पाठवलं तुम्हाला, किरकिऱ्यानं? ती म्हणाली, 'नाही. सात महिन्यांचं एक मूल दवाखान्यात आहे. तुमचा डबा सोबत आणलाय.' आणि मग एवढंच, 'बाई, जरा बाजूला व्हा.'

सरळ मागच्या भिंतीकडे गेली, विहीणबाई. थप्पीतली शेवटची पोती बाजूला घ्यायला लावली. भिंतीत हात घातला आणि बाहेर काढला तो मोजा काळा. पोत्यांच्या खालच्या बाजू बुरशीनं हिरव्या झालेल्या. भाजायचा गहू तिथूनच घेतला जात होता. पांढऱ्या कागदावर चाळून दाखवलं. अळ्या, जाळी, उंदराच्या लेंड्या. मी स्वतः बघितलं. माझ्या गिरणीतलं. तीस वर्षं मी ज्या फरशीवर अनवाणी चालले तिथलं.

बाटल्यांत नमुने भरले, लाखेचं सील मारलं, माझी सही घेतली. सगळा माल जप्त. गोदामाला कुलूप, त्यावर त्यांची पट्टी. परवाना पुढचा हुकूम होईपर्यंत बंद. पंचनामा वाचून दाखवत होते तेव्हा मी मध्येच ओरडले, 'अहो, माझा नातू हेच खातो! माझी विहीण हेच पीठ खाते! विचारा तिला, तिनं लिहून दिलंय!' त्या बाईनं तेही लिहून घेतलं. आणि हळूच म्हणाली, 'मग आधी त्यांना कळवा.'

चिरंजीव गोदामाच्या पायरीवर बसून होते. मी म्हटलं, अरे, बाळ! बाळानं खाल्लंय ना! तर म्हणतात, 'आई, काळजी करू नको, बाळाला काही होणार नाही.' कुठल्या दगडाचं काळीज आहे ह्या मुलाचं?

ताबडतोब लिहा.

गिरणीवाली

&nbsp;

४ जुलै

विहीणबाईंना नमस्कार.

बाळ ठणठणीत आहे. डॉक्टरांना दाखवलं. वजन चांगलं, पोट मऊ, हसतं-खेळतं. तुम्ही बाळाची काळजी अजिबात करू नका, शपथेवर सांगते.

तुमचं पत्र वाचून हातातलं काम खाली ठेवलं. काय लिहू? ज्याचं मूल दवाखान्यात आहे त्या आईचंच मनात येतं. त्याचं काही कळलं का? तुम्ही जेवता का? तुमच्या ह्यांना सांभाळा, गप्प माणसं स्वतःला आतून फार खातात. सगळं नीट होईल. माणूस आहे, चूक होते.

लेक रडली. जावईबापूंना पत्र लिहिते म्हणाली.

तुमची,
नातवाची दुसरी आजी

&nbsp;

१६ जुलै

विहीणबाई,

काल माल नष्ट केला. गावाबाहेरच्या कचरा मैदानात. पोती फोडून ओतली, डबे रोलरखाली चिरडले, वर निळं औषध शिंपडलं, कुणी उचलून परत विकू नये म्हणून. हे तिथे उभे होते. मी म्हटलं चला, तर म्हणाले, 'शेवटचं पोतं होईपर्यंत थांबतो.' एवढं लांब वाक्य ते महिन्यातून एकदा बोलतात.

परत येताना आमचा गाडीवाला सोबत होता. त्याचंही काम गेलं, तो आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. त्याला वाटलं मला जरा हसवावं. म्हणाला, 'बाई, एक फायदा झाला बघा. तुमच्या विहीणबाईंच्या शेजारणीच्या कोंबड्या आपल्या रव्यावर चांगल्या माजल्या. दर वेळी मी गेलो की मागच्या दारी ढीग ओतलेला.' मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, 'पहिल्यापासूनच. मार्चपासून.' आणि बाळपिठाचे डबे? तर म्हणतो, 'त्यात त्या बटणं ठेवतात. पीठ कुठे गेलं ते नाही माहीत, पण बाळाला तर मी नेहमी भाताची पेज भरवतानाच बघितलं.'

मी गाडी थांबवायला लावली.

जीभ बाहेर काढली, भुवया वर केल्या, चमचा सोडेना. किती सुरेख लिहिलंत हो! मी ते पत्र उशीखाली ठेवून झोपत होते. तुम्हाला कळलं होतं पीठ कुबट आहे. पहिल्या दिवशी कळलं. मी तुम्हाला विचारलं होतं, बाई! पदर पसरून नाही, पण विचारलं होतं ना? तुमच्या एका ओळीवर मी एका माणसाला घालवलं. तुम्ही वाचलंत, आणि तरी गप्प बसलात. नातवाला दिलं नाहीत, शहाण्या आहात. आणि दुकानातून दुसऱ्यांच्या मुलांसाठी डबे जात होते ते? ते कुणाचे नातू नव्हते? सरकारी कागदावर माझ्या तोंडचं लिहून घेतलंय, 'माझा नातू हेच खातो.' खोटी ठरले मी. आणि खोटं तुमचं.

एवढा कसला सूड होता? लग्नात काही कमी केलं होतं का मी तुमच्या मुलीला?

नातवाला न्यायला मी ह्या महिन्यात येणार होते. आता तुमच्या दारात पाऊल ठेवायचं की नाही ते ठरवतेय.

&nbsp;

२० जुलै

विहीणबाई,

सूड नव्हता. तुमच्या पत्रातलं बाकी सगळं खरं आहे.

पोतं उसवलं तेव्हाच वास आला. चाळलं तर जाळी. लेक म्हणाली, आई, कळव. मी कागद घेऊन बसले आणि लिहिलं, 'वासही छान येतो.' आमच्या धंद्यात गिऱ्हाईक जाड झालं तर आम्ही म्हणतो, कापड आकसलंय. सवय लागते. पण ते कारण नाही, खरं कारण तुम्ही. माझ्या भावानं लग्नाच्या जेवणात वाढप्याला मीठ जास्त झालंय म्हटलं, तर तुम्ही त्याच्याशी आजतागायत बोलला नाहीत. माझी मुलगी तुमच्या घरात राहायची आहे. मी पीठ वाईट म्हणाले आणि तुम्ही तो राग तिच्यावर काढलात तर? एवढाच विचार केला. दोन पोती फेकून द्यायची आणि गप्प बसायचं, त्यात कुणाचं काय जातंय, असं वाटलं. फोरमनचं वाचलं तेव्हा लिहायला हवं होतं. लिहायला बसले, आणि 'सहज म्हणते' असं लिहून मोकळी झाले. बाळपिठाचे डबे आले तेव्हा मात्र मला झोप लागली नाही. दुसऱ्यांची मुलं माझ्या मनात आली नाहीत असं नाही, विहीणबाई. आली, आणि मी मशीन चालवत बसले. त्या मुलाच्या आईला मी काय तोंड दाखवू? हे मला आता आयुष्यभर पुरणार आहे.

आता तुम्ही मला खोटी म्हणालात, तर जे उरलंय तेही लिहून टाकते. लेकीनं मार्चमध्येच जावईबापूंना पीठ दाखवलं. त्यांनी हातात घेतलं, वास घेतला आणि खाली बसले. म्हणाले, 'आईला कळवू नका. मी बघतो.' एप्रिलमध्ये फोरमन गेल्यावर लेकीनं परत विचारलं, तर म्हणाले, 'बघितलंस ना खरं बोलणाऱ्याचं काय होतं?' डबे आले त्या रविवारी त्यांनीच सहाही डबे रिकामे केले, माझ्या मागच्या दारी.

तुमच्या मुलाला माहीत होतं. मला दोष द्या, मी घेते. पण एकटीला नका देऊ.

&nbsp;

११ ऑगस्ट

विहीणबाई,

तुमचं पत्र आल्यावर चार दिवस चिरंजीवांशी बोलले नाही. मग विचारलं. मला वाटलं नाही म्हणेल. 'हो' म्हणाला. मी विचारलं, भिंतीमागे बघितलं होतंस? 'बघितलं होतं.' मग मला ठीक आहे असं का सांगितलंस? तर म्हणाला, 'मी तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलो होतो, आई. तू आत बाळपिठाच्या डब्याचं चित्र बाबांना दाखवत होतीस. मी परत गेलो.' त्याला वाटलं होतं, हळूहळू खराब माल बाजूला काढीन, भिंत दुरुस्त करीन, आणि आईला कधी कळणारही नाही. बत्तीस वर्षांचा मुलगा, विहीणबाई. एका मुलाचा बाप. आईला घाबरून.

मी हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, 'मलाही येत होता वास.'

एवढंच बोलले आणि बागेत गेले. म्हणजे सगळ्या घराला वास येत होता. मी एकटीच होते, जिला कुणी सांगितलं नाही. तीस माणसांचे पगार करणारी बाई!

फोरमनकडे गेले होते. तो आता एका शाळेत शिपाई आहे. त्याला म्हटलं, चुकलं माझं. तर म्हणाला, 'खुर्ची डगमगते, जपून बसा,' आणि मग चहा पातळ आहे म्हणून बायकोवर ओरडला. परत येशील का विचारलं. 'नाही,' म्हणाला. मला बरं वाटलं, काय सांगू. निदान एकजण मला नाही म्हणाला.

मग त्या मुलाच्या घरी गेले. अधिकारीबाईंनी पत्ता देणार नाही म्हटलं होतं. दुकानदाराकडून काढला. तिसरा मजला, दारात लहान चपला. दार उघडलं ती अगदी कोवळी पोर, आपल्या सुनेच्या वयाची. मूल कडेवर. बारीक झालंय, पण बघत होतं माझ्याकडे. मी कोण ते सांगितलं. मला वाटलं दार तोंडावर आपटेल, शिव्या देईल. मी तयारीनं गेले होते. तर ती म्हणाली, 'या ना, आत बसा.' पाणी दिलं. म्हणाली, 'आता बरा आहे तो. तुम्ही काय मुद्दाम केलं नाही. माझा काही राग नाही.'

विहीणबाई, ती हे सगळं बोलली आणि तितका वेळ तिनं मूल माझ्यापासून लांबच्या खांद्यावर घेतलं होतं. माझा हात लागेल म्हणून. मी पाणी प्यायले आणि आले.

जिना उतरताना कळेना, तिला राग आहे की नाही? तुम्हाला विचारते, कारण तुम्ही तसं बोलण्यात वाकबगार. मला आता कुणी गोड बोललं की कळतच नाही. भाजीवाली 'कशा आहात बाई' म्हणते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहते.

गिरणी विकतोय. घेणारा भिंत पाडून नवी बांधणार आहे. मी तुमच्याशी भांडले, त्यातलं निम्मं परत घेते, निम्मं घेत नाही. पण मला नातवाला बघायचंय हो. फोटोत बसायला लागलेला दिसतोय. मी त्याला न्यायला नाही म्हणत, नुसती भेटायला येऊ का? सुनेची इच्छा काय आहे, चिरंजीवांचं काय ठरलंय, मला कुणी धड सांगत नाही. 'बघू आई' म्हणतात. तुम्ही सांगा. ह्या वेळी खरं लिहा. मी रडेन, ओरडेन, पण तुमच्या मुलीला काही बोलणार नाही. पोराच्या शपथेवर.

गिरणीवाली (आता कसली)

&nbsp;

१७ ऑगस्ट

विहीणबाई,

त्या आईला राग आहे. असायलाच हवा. मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं, ते तिचं उत्तर. परत जाऊ नका तिच्याकडे.

आता तुमच्या प्रश्नाचं.

नका येऊ. आत्ता तरी नका येऊ.

लेक तुमच्याकडे राहायला येणार नाही. तिनं इथे नोकरी धरली आहे, पहिल्या तारखेपासून. जावईबापूही इथेच काम शोधताहेत, खोली बघितली आहे. तुम्हाला सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही, म्हणून 'बघू' म्हणतात. तुमच्यावर राग आहे म्हणून नाही. तुमच्या घरात खरं बोलायला भीती वाटते, आणि त्या भीतीत मूल वाढवायचं नाही, असं ती म्हणते. तिचे शब्द तसेच लिहिलेत. मलाही ती तेच म्हणाली. मला तर आणखी कडक म्हणाली. बाळाला आंघोळ घालायला ती हल्ली मला बोलावत नाही.

मी तुमच्याकडे यायला हवं, एकटीनं, तुमच्याजवळ बसायला. त्याचीही हिंमत नाही. तुमच्या डोळ्यांकडे मला अजून बघवणार नाही.

बाळाला दोन दात आले. खालचे. रांगत नाही, बसल्या बसल्या सरकतं. तुमचा फोटो दाखवला तर ओळखत नाही. ओळखतं असं लिहिणार होते.

पत्र बंद करण्याआधी लेकीला वाचायला दिलं. तिनं वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाली, 'आई, जरा गोड करून लिही ना.' मी तसंच पाठवतेय.

तुमची,
विहीण